हत्तीरोगाच्या संशोधनासाठी मॅस्टोमिस उंदीर वापरावा का?

औंढेकर (धागाप्रवर्तक)
आफ्रिकेतील मॅस्टोमिस कोउचा हा उंदीर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील कामामुळे आपल्याकडील परजीवीशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठवाड्यातील प्राणिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र विभागांनी हत्तीरोगावरील संशोधनात उतरायचे ठरवले, तर त्यांनी हा प्राणी वापरावा काय? माझे मत असे की वापरावा, मात्र जेथे दुसरा मार्ग नाही तेथेच, आणि प्रत्येक विभागाने स्वतंत्र पैदास न करता.

मादीला स्तनांच्या आठ ते बारा जोड्या असतात, गर्भकाळ सुमारे २३ दिवसांचा असतो आणि एका वितीत दहा-बारा पिले सहज होतात. पैदास सोपी आहे, परंतु तेवढ्यावरून प्राणी निवडणे मला पटत नाही. खरे कारण असे की हत्तीरोगाचा ब्रुगिया मलायी हा कृमी या उंदराच्या शरीरात प्रौढ होतो, त्याच्या माद्या सूक्ष्मकृमी (म्हणजे त्याची पिले) सोडतात, ते रक्तात फिरतात आणि डास ते शोषून घेतो. म्हणजे माणसातील रोगचक्राचा मोठा भाग एका लहान प्राण्यात पाहता येतो.

काचेच्या भांड्यातील चाचणी येथे का अपुरी पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे डीईसी, आपल्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटली जाणारी गोळी. भांड्यातील सूक्ष्मकृमींवर तिचा थेट परिणाम फार थोडा होतो, पण शरीरात गेल्यावर ती त्यांना रक्तातून झपाट्याने नाहीसे करते, कारण त्या कामात यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात कृमी राहतो त्याच्या, प्रतिकारयंत्रणेचा मोठा वाटा असतो. केवळ भांड्यावर विसंबलो असतो, तर हे औषध पहिल्याच चाळणीत बाद झाले असते.

गोदाकाठ (नांदेड)
उदाहरण चांगले आहे, पण ते मॅस्टोमिसची बाजू घेत नाही. डीईसीचा गुण १९४७ मध्ये लक्षात आला तो अमेरिकेतील कापूस-उंदरांत, आणि तोही वेगळ्याच कृमीवर.

दुसरे असे की नांदेड जिल्ह्यात हत्तीरोग होतो तो वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टीमुळे, आणि हा कृमी प्रयोगशाळेतील नेहमीच्या उंदरांत टिकत नाही. ब्रुगिया मलायीचा प्रश्न भारतात मुख्यतः केरळकडचा. म्हणजे एका खंडातील उंदीर, दुसऱ्या प्रदेशातील कृमी आणि निष्कर्ष मात्र आमच्या गावच्या रुग्णासाठी. शिवाय आमच्याकडची अडचण औषध नसण्याची नाहीच. आशाताई घरोघरी गोळ्या देतात, माणसे 'जेवण झाल्यावर घेतो' म्हणून त्या फळीवर ठेवतात आणि पायाला सूज नसलेला मनुष्य आपण रोगी नाही या समजुतीने त्या विसरूनही जातो. गोळी समोरच गिळायला लावा, असे कार्यकर्त्यांना सांगावे लागते ते उगाच नव्हे. डासांची पैदास वाढवणाऱ्या तुंबलेल्या गटारांविषयी तर बोलायलाच नको. हे प्रश्न पिंजऱ्यात सुटणारे नाहीत.

मांजराकाठ (लातूर)
गटारांविषयी सहमत आहे, निष्कर्षाविषयी नाही. वाटल्या जाणाऱ्या गोळ्या मुख्यतः सूक्ष्मकृमींना आवरतात, प्रौढ कृमी मात्र शरीरात वर्षानुवर्षे जगतो, म्हणूनच मोहीम दरवर्षी पुन्हा घ्यावी लागते आणि आपण वर्णन केलेला कंटाळा लोकांना येतो. प्रौढ कृमीला मारणारे, थोड्या दिवसांचे औषध मिळाले, तर हे दुष्टचक्र तुटेल. डॉक्सिसायक्लिन कृमीतील वोल्बाकिया या जिवाणूंना मारून त्याला वांझ करते, हे खरे. पण ते चार ते सहा आठवडे घ्यावे लागते आणि गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना देता येत नाही. नव्या औषधाचा प्रौढ कृमीवर काय परिणाम होतो, हे जिवंत यजमानाविना कसे पाहणार, ते आपण सांगावे.

बालाघाट (बीड)
मॅस्टोमिसच्या गुणगानात त्याचा इतिहास विसरला जाऊ नये. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत तो प्रयोगशाळेत आला तो प्लेगच्या अभ्यासासाठी, कारण रानातील कुरतडणाऱ्या प्राण्यांकडून प्लेग माणसाच्या घरापर्यंत आणणारा दुवा म्हणून त्याच्याकडे पाहिले जात होते. १९९४ मध्ये आमच्या जिल्ह्यातील मामला येथे गाठीचा प्लेग आढळला, त्यामुळे हा विषय आम्हाला पुस्तकी वाटत नाही.

मॅस्टोमिस कोउचा आणि मॅस्टोमिस नातालेन्सिस या दोन जाती बाहेरून जवळपास सारख्या दिसतात. गुणसूत्रे मात्र पहिल्या जातीत ३६ आणि दुसरीत ३२. पहिली प्लेगला सहज बळी पडते, दुसरी बऱ्याच अंशी तग धरते. प्रयोगशाळांतील प्राण्यांना अनेक वर्षे नातालेन्सिस म्हटले गेले आणि पुढे त्यांतील बहुतेक कोउचा निघाले! जुने लेख उद्धृत करणाऱ्यांनी हे तपासलेले असते काय? भर म्हणजे नातालेन्सिस ही लासा ताप या रोगाच्या विषाणूची मुख्य वाहक. तो रोग १९६९ मध्ये नायजेरियातील लासा गावामुळे जगाला कळला. बंदिस्त पैदाशीतील कोउचाला तो डाग लावणे अन्यायाचे होईल, पण जातीची खात्री गुणसूत्रांवरून किंवा जनुकीय चाचणीने केल्याशिवाय एकही जोडी कोणाच्या प्राणिगृहात येऊ नये.

गोदाकाठ (नांदेड)
मांजराकाठ, आपला प्रश्न रास्त आहे, पण प्राण्याची रचनाच वेगळी असेल तर? मॅस्टोमिसच्या जठरात म्हातारपणी गाठी होण्याची प्रवृत्ती उपजत असते, म्हणून आम्लरोधक औषधांच्या धोक्यांचा अभ्यास त्याच्यावर झाला. पुढे १९९८ मध्ये असे दिसले की त्याच्या गॅस्ट्रिन-ग्राहकातील (जठरात आम्ल वाढवणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील प्रथिनातील) फरकांमुळे तो ग्राहक संप्रेरक नसतानाही अंशतः चालू राहतो. माणसात तसे नाही.

मांजराकाठ (लातूर)
त्यातून मला नेमका उलटा धडा दिसतो. ग्राहकातील तो फरक सापडला म्हणूनच त्या निष्कर्षांना किती वजन द्यायचे हे ठरवता आले. कृमींच्या बाबतीतही यजमानाचे वेगळेपण नोंदवावे. त्याकडे पाठ फिरवू नये.

औंढेकर
माझी खरी चिंता आपल्या भागातील प्रबंधांची आहे. निर्गुंडीचा अर्क काढायचा, उंदरांना पाजायचा, मारून आलेख काढायचा आणि पदवी घेऊन मोकळे व्हायचे, ही रीत मी जवळून पाहिली आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना वाव देतो, १९९८ च्या नियमांनी संस्थेतील नैतिकता समितीची परवानगी आवश्यक केली आणि २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींनाही स्थान मिळाले. समितीने 'किती उंदीर' हे विचारण्याआधी 'मुळात का' हे विचारावे. भांड्यातील प्रौढ कृमींवर पुरेसा परिणाम न दाखवणारा अर्क मॅस्टोमिसपर्यंत पोहोचता कामा नये.

बालाघाट (बीड)
मग आपल्याच नियमाने डीईसीही अडली असती, धागाप्रवर्तक.

औंढेकर
आक्षेप मान्य आहे. प्रतिकारयंत्रणेच्या मदतीने काम करते असे मानण्यास स्वतंत्र आधार असलेल्या द्रव्यांना या अटीतून सूट द्यावी लागेल. तो आधार कोणता धरावा, हे परजीवीशास्त्रज्ञांनी येथे लिहावे.