प्रतिसाद: माध्यम आणि ओळखीची नोकरी

वरच्या लेखात म्हटलंय की मराठी पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले ते निव्वळ प्रतिष्ठेपायी. मला हे अर्धंच पटतं.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांमधल्या मराठी कुटुंबांचा अभ्यास केला होता, २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गंमत अशी, की कामगारवर्गीय जातींतले मुलगे मराठी माध्यमातच जास्त अडकले आणि त्यांच्याच बहिणी भराभर इंग्रजीकडे गेल्या. कारण? मुलग्यांसाठी जातभाईंची, गाववाल्यांची साखळी तयार होती, ती ठरावीक कामांतच नेऊन सोडायची. मुलींना त्या साखळीत जागाच नव्हती, म्हणून त्या मोकळ्या.

आमच्या लालबागच्या चाळीत हेच पाहिलंय. काका कापड गिरणीच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात), त्यांच्या शब्दावर थोरल्या चुलतभावाला बदली कामगार म्हणून घेतलं. त्याला दहावीचा निकाल कुणी विचारलाही नाही. धाकटीला मात्र 'हिचं काय करायचं' म्हणून इंग्रजी शाळेत घातली (फी आजीच्या पाटल्या मोडून, पण ती वेगळी कथा). जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि भावाची साखळी तिथेच तुटली. नंतर त्याने वडापावची गाडी लावली. धाकटी फोर्टात बँकेत लागली.

तेव्हा 'पालकांना दूरदृष्टी नव्हती' हे म्हणू नका. काकांचा हिशेब तेव्हा बरोबरच होता, गिरणीच राहिली नाही.