७५ हजारांत गेमिंग पीसी : हे कोटेशन घ्यावं का?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी. चिरंजीवांची बारावी संपली आणि दोन वर्षांपूर्वी मी दिलेला शब्द माझ्याच मानगुटीवर बसला. गेमिंगचा डेस्कटॉप हवाय. बजेट ७५ हजार, मॉनिटरसकट. कीबोर्ड, माउस, स्पीकर घरात आहेत. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, शिवाय ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर अ‍ॅनिमेशन शिकायचंय म्हणे. यातलं शिकायचं किती खरं आणि बजेट वाढवायला किती, देव जाणे.

काल एका दुकानातून चिठ्ठी आणली. जशी आहे तशी उतरवते: "आय७ प्रोसेसर, एच६१ गेमिंग मदरबोर्ड, रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड ४ जीबी जीटी ७३०, एसएसडी ५१२, एसएमपीएस ५०० वॅट, आरजीबी गेमिंग कॅबिनेट ४ फॅन, एलईडी २२ इंची. एकूण ४२,०००. बिल हवे असल्यास १८% वेगळे."

माझे ३३ हजार वाचतायत. मुलगा चिठ्ठी बघून म्हणाला, "आई, हे फुकट दिलं तरी नको." का, ते विचारलं तर अर्धा तास इंग्रजीत बोलला. कोणी मराठीत सांगेल का?

ताक_पिऊन_गेमिंग

काकू, पळा.

पर्वती_पायथा

काकू कोणाला म्हणता? आणि पळायचं का, ते सांगा की.

जुना_सोल्डर

ताई, मुलाचं ऐका. अशा चिठ्ठीत काय लिहायचं टाळलंय ते आधी बघायचं. 'आय७' लिहिलंय, पिढी लिहिलेली नाही. ती बोर्डावरून कळते. एच६१ हा २०११ चा चिपसेट. त्यावर इंटेलची दुसरी नाहीतर तिसरी पिढी बसते, म्हणजे हा आय७ फार तर २०१२ चा, चार कोरचा. बाराव्या पिढीचा साधा आय३ त्याला सहज मागे टाकतो. रॅम १६ जीबी खरी असेल, पण डीडीआर३. उद्या बोर्ड बदललात तर त्यातली एकही पट्टी नव्यावर बसणार नाही.

आता ते ४ जीबीचं कार्ड. जीटी ७३० हे २०१४ चं, टीव्हीवर सिनेमा बघण्यापुरतं कार्ड. ४ जीबी म्हणजे गाळ्यात माल किती मावतो तेवढंच. मंडईत गाळा ऐसपैस मिळाला, पण पुढचा बोळ एवढा चिंचोळा की हातगाडी आत जात नाही, तर त्या गाळ्याचं काय करायचं? कार्डाचं नाव आणि नंबर आधी विचारा, जीबी नंतर.

सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे व्हॅलोरंट तसा हलका गेम आहे. पण विंडोज ११ वर तो टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतो. त्या काळच्या बोर्डावर टीपीएम २.० कुठून येणार? विंडोज ११ सुद्धा अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घ्यायचं तोच त्यावर अडणार.

चिठ्ठीत 'गेमिंग' हा शब्द दोनदा आलाय. एकदा चौदा-पंधरा वर्षं जुन्या बोर्डापुढे, एकदा पत्र्याच्या डब्यापुढे.

आणि ते 'बिल हवे असल्यास'. बिल हवंच. दुकानाच्या जीएसटी नंबरसह, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर टाकून. तीन वर्षांची वॉरंटी असलेलं कार्ड दुसऱ्या वर्षी गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिला प्रश्न बिलाचाच विचारतो.

रात्रपाळी_आयटी

नव्याने घेताय तर सरळ एएमडीच्या एएम५ सॉकेटवर जा. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५. एएम५ ला २०२७ आणि त्याच्यापुढेही साथ देऊ असं एएमडी म्हणतेय. दोन-तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की झालं. आधीच्या एएम४ सॉकेटवर आता नवीन काय येणार?

जुना_सोल्डर

एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण डीडीआर५ चा भाव विचारून आलात का हल्ली? मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघींचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे, कारण पैसा तिथे. २०२५ च्या अखेरीस भाव भडकले ते त्यामुळे. ताईंनी ७५ हजारांत एएम५ बसवायचं तर कार्डातून कापावं लागेल, आणि गेम कार्डावर चालतात. तीन वर्षांनी प्रोसेसर बदलता येईल म्हणून आज पोराने कमी सेटिंगवर खेळायचं, हे काही पटत नाही.

शिवाय एएम४ चा एक फायदा असा की सेकंडहँड डीडीआर४ मिळते. रॅम हा भाग सहसा खराब होत नाही. घेताना मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) रात्रभर चालवू देईल अशा ओळखीच्याकडून घ्या. कंपनी फुटकळ नको, ३२०० च्या वेगाची ८-८ ची जोडी हवी. १६ ची एकच पट्टी नको, दोन असल्या की दोन्ही चॅनेल वापरले जातात आणि गेममध्ये फरक कळतो.

रात्रपाळी_आयटी

रॅमचा मुद्दा मान्य. तरी मी असतो तर दोन महिने थांबून एएम५ घेतलं असतं.

ताक_पिऊन_गेमिंग

बारावी झालेल्या पोराला 'दोन महिने थांब' सांगून बघा तुम्ही 😄

ताई (काकू मागे घेतो), कार्डाबद्दल माझं ऐका. माझ्याकडे आरएक्स ६६०० आहे, ८ जीबीचं. नुसतं खेळायचं असतं तर डोळे मिटून तेच घ्या म्हणालो असतो. १३२ वॅट खातं, १०८० पी वर बहुतेक सगळं चालतं. पण ब्लेंडर खरंच शिकणार असेल तर आरटीएक्स ३०६०. ब्लेंडरचा सायकल्स रेंडरर एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर त्यांच्याच ऑप्टिक्स तंत्रामुळे बराच पळतो, आणि मोठा सीन कार्डाच्या मेमरीत मावायला १२ जीबी कामाला येतात. मित्राकडे आहे ते. माझ्या मशीनवर एक फ्रेम होईपर्यंत तो चहा पिऊन येतो.

फक्त डोळ्यात तेल घालून बघा. त्याच नावाने ८ जीबीचंही ३०६० मिळतं, आणि फरक फक्त ४ जीबीचा नाही. १२ वाल्याचा मेमरी बस, म्हणजे वर सांगितलेला बोळ, १९२ बिटचा, ८ वाल्याचा १२८ चा. खोक्यावर १२ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कोणी आरएक्स ६५०० एक्सटी गळ्यात मारायला बघेल, ते नको. ४ जीबी, पीसीआयईच्या चारच लेन, आणि रेकॉर्डिंगसाठी एन्कोडरसुद्धा नाही.

पर्वती_पायथा

हे मला चक्क समजलं. ओळखीतले एक जण स्वतःचं जुनं ३०६० स्वस्तात देतो म्हणतायत. रॅम जुनी चालते तर कार्ड का नको?

जुना_सोल्डर

कार्डाला पंखे असतात, थर्मल पेस्ट असते, आणि इतिहास असतो. २०२१ मध्ये अशी पुष्कळ कार्डं खेळायला नाही, तर इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात ओतली गेली. तुमच्या ओळखीचे प्रामाणिक असतील, पण त्यांनी ते कोणाकडून घेतलं होतं? मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तर विचार करा. नाहीतर पैसा जिथे सर्वात जास्त लागतोय तिथे जुगार नको.

धायरी_फाटा

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कोणीच बोललं नाही अजून? मी बोलतो, कारण मी भोगलंय.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला ५०० वॅटचा एसएमपीएस होता. हातात घेतला तेव्हा रिकाम्या पोह्याच्या डब्यासारखा हलका लागला, तरी मी तो लावला. गणपतीत घरात पाहुणे, आरती चालू, 'घालीन लोटांगण'ला सगळे गिरक्या घेतायत आणि आतल्या खोलीतून फट्ट! आईला वाटलं कापराचं काही झालं. जाऊन बघतो तर टेबलाखाली धूर आणि जळक्या वायरीचा वास. बोर्ड गेला, एसएसडी गेली. कार्ड कसं वाचलं ते त्या गणपतीलाच ठाऊक.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या. ३०६० ला १७० वॅट, प्रोसेसर ६५ चा, त्यामुळे ५५० पुष्कळ झाले. ८० प्लस ब्राँझ असावा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालाची खात्री आहे असं मी समजतो.

पर्वती_पायथा

बाप रे. आमची इमारत जुनी आहे. फ्रीजला ओल्या हाताने शिवलं की झिणझिणतं. इन्व्हर्टर आहे. यूपीएस वेगळा घ्यावा लागेल का?

जुना_सोल्डर

झिणझिण्यांचं आधी बघा, पीसीचं नंतर. म्हणजे बहुतेक अर्थिंग नाही किंवा तुटलंय. फ्रीजमध्ये खरीच गळती असू शकते, म्हणून वायरमनला टेस्टर घेऊन बोलवा. 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका.

पीसीचं सांगायचं तर एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांचा अगदी थोडा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा मधोमध लटकतो, साधारण ११५ व्होल्टवर. करंट बारीक, म्हणून नुसतं झिणझिणतं, पण तोच पत्रा यूएसबी आणि एचडीएमआयच्या कवचाला जोडलेला असतो. थ्री-पिनची टू-पिन करणारं ते खेळणं तपकीर गल्लीत ढिगाने मिळतं. नका घेऊ.

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्ह आहे का बघा. असेल तर मागे एक बटण असतं, त्यावर यूपीएस मोड लावा. साध्या मोडवर वीज गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी बंद पडतो. पुण्यात गुरुवारी लाइट जाणारच, तो दिवस धरून चाला. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर मात्र यूपीएस घ्या, ६०० व्हीएचा नको, १००० चा. खेळत बसायला नाही, सेव्ह करून बंद करण्यापुरता.

आता पूर्ण यादी. रायझन ५ ५६००, डबाबंद. ट्रेमधला सुटा नको, डबाबंदला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी आणि पंखाही मिळतो. बोर्ड बी५५०. जुना पडून राहिलेला बी४५० स्वस्त देतील, पण त्याचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असलं तर हा प्रोसेसर ओळखणारच नाही. वर सांगितलेली रॅम, ३०६० १२ जीबी, एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबी (ब्लेंडर वाढलं की दुसरी लावता येते), ५५० चा एसएमपीएस, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. काचेचं तोंड असलेलं नको, एप्रिलमध्ये ती भट्टी होते. मॉनिटर २४ इंची आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा वर. तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि प्रत्येक ओळीवर कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून मागा. लिहायला कंटाळणारा दुकानदार वॉरंटीलाही कंटाळतो.

(पेठेत जाणार असाल तर गाडी मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा. टोइंगचे पैसे बजेटमध्ये धरलेले नाहीत.)

ताक_पिऊन_गेमिंग

जीटीए ६ साठी मशीन हवंय असं म्हणाला तर फसू नका ताई. ते आत्तापर्यंत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठीच जाहीर झालंय.

पर्वती_पायथा

म्हणाला होता. परवाच.

पर्वती_पायथा

तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका. सगळं घेतलं. ७६ हजार ८००, म्हणजे १८०० वर गेलं. रॅम दिराच्या मित्राकडून, मेमटेस्ट करून. वायरमनने आमच्या आणि शेजारच्यांच्या अर्थिंगची वायर मीटरपाशी तुटलेली शोधून काढली. शेजारी गेली नऊ वर्षं फ्रीज उघडताना रबरी चप्पल घालत होते.

रविवारी जोडणी केली. मुलगा व्हिडिओ बघून जोडत होता, मी टॉर्च धरून उभी. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, दुपारचं जेवण टळलं, पोरगं रडकुंडीला आलं. संध्याकाळी दीर आले, मागे वाकून बघितलं आणि केबल मदरबोर्डातून काढून खाली ग्राफिक्स कार्डात लावली. झालं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून बोर्डाच्या त्या भोकातून काहीच येत नाही म्हणे. हे तुम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी झकास चाललंय. काल त्याने ब्लेंडरमध्ये एक वडापाव केला. पाव बरा जमलाय, वडा दगडासारखा.

जुना_सोल्डर

चुकलंच, ते सांगायला हवं होतं. आणखी दोन गोष्टी राहिल्यात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलं का? नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २४०० वर चालत असेल. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा) बघा. १४४ चा मॉनिटर आणून बरेच जण तो ६० वरच वापरतात.

पर्वती_पायथा

एक्सएमपी त्याने केलं होतं, तोऱ्यात सांगितलं मला.

रिफ्रेश रेट ६० होता.