८०० चा कॅमशाफ्ट घरीच बदलायचाय, बजेट ८ हजार, सल्ला हवा

भांडुपकर
मंडळी, गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. वडिलांनी घेतलेली आहे, त्यामुळे "विकून टाक" हा विषय नको. चार महिने टिकटिक आवाज येतोय आणि साधा फ्लायओव्हर चढताना धाप लागते. टॅपेट (म्हणजे वॉल्व्हची फट) दोनदा सेट केले, आठ दिवसांत पुन्हा तेच. परवा टॅपेट कव्हर उघडलं तर कॅमच्या एका लोबचं (वॉल्व्ह उघडणारा उंचवटा) नाक घासून बोथट, आणि आत डांबरासारखा गाळ. (तेल बदलायला उशीर केला, मान्य. शिव्या नंतर घाला.)

गॅरेजवाल्याने १८ हजार सांगितले. माझं बजेट ८ हजार, हत्यारं त्यातच. जागा सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, वेळ फक्त रविवार. कॅम नवा घेऊ की जुना? कुठून?

घोडबंदरचा_राजा
विकून टाका. मी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक घेतली, १४ लाखांत. कॅम नाही, तेल नाही, कटकट नाही. रोज घोडबंदर ते बीकेसी.

भांडुपकर
साहेब, ८ हजार. लाख नव्हे.

टॅपेटमास्तर
लालबागच्या गॅरेजात हयात गेली, म्हणून बोलतो. या इंजिनाचा कॅम वरून उचलून निघत नाही, हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग, वॉल्व्ह असतात तो) भोकातून आडवा सरकवून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने ओढावा लागतो. आधी सगळे टॅपेट स्क्रू पूर्ण सैल कर, मग रॉकर शाफ्ट काढ (रॉकर म्हणजे कॅमचा धक्का वॉल्व्हला देणारे दांडे). बेल्ट उतरवण्याआधी टायमिंगच्या (कॅम आणि क्रँकचा मेळ दाखवणाऱ्या) खुणांचे फोटो काढ. कॅम घासला म्हणजे त्यावर चालणारे रॉकरही घासलेले असणार. जुन्या रॉकरवर नवा कॅम घातलास तर सहा महिन्यांत इथेच धागा काढशील. आणि मुख्य म्हणजे रॉकर शाफ्टमधली तेलाची भोकं साफ कर. तुझा लोब तिथेच मेलाय, तेल पोचलंच नाही. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) बिंच नको, हाताला कळतं.

गिअरबॉक्स_गणू
हाताला कळतं म्हणणाऱ्या एकानेच माझ्या हेडचे आटे घालवले. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे काका, लोखंडाचं नाही. टॉर्क रेंच घ्याच.

टॅपेटमास्तर
तुझ्या मेकॅनिकचा हात वेगळा, माझा वेगळा.

गिरगावची_आक्का
मी केलंय! भावाच्या ओम्नीचं, इंजिन हेच, ७९६ सीसी. नवा कॅम ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून आणला. जुना सोबत नेला होता, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून व्हर्नियरने लोब मोजून घेतले. इनटेकचा लोब इनटेकशीच ताडायचा बरं. सहा रॉकर आणि स्प्रिंगा आईच्या आप्पेपात्रात ओळीने मांडल्या, कुठला कुठला ही भानगडच नाही. (आप्पेपात्र नंतर नवीन घ्यावं लागलं.) बसवताना लोबना आणि जर्नलना (कॅम टेकून फिरतो ते गोल भाग) भरपूर तेल चोपडा. कोरडा कॅम फिरवलात तर पहिल्या मिनिटातच वाट लागेल. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) आणि कॅमचं ऑइल सील त्याच वेळी नवीन घाला.

साधा_माणूस
बेल्टपेक्षा चेनवालं इंजिन बरं. माझ्या गाडीला चेन आहे, बघायलाच लागत नाही.

गिअरबॉक्स_गणू
चेनही सैल होते. आणि त्याच्या गाडीला बेल्ट आहे, आता काय इंजिन बदलू का त्याने?

साधा_माणूस
बेल्ट तुटला की वॉल्व्ह वाकतात म्हणून सांगितलं.

गिअरबॉक्स_गणू
८०० चे वाकत नाहीत.

साधा_माणूस
माझ्या मेव्हण्याच्या गाडीचे वाकले.

टॅपेटमास्तर
मेव्हण्याची गाडी कुठली ते आधी विचार. भांडुपकर, तू हे वाकतातच असं धरून चाल. बेल्ट चढवल्यावर प्लग काढ आणि क्रँक (खालचा मुख्य शाफ्ट) पान्याने दोन पूर्ण फेऱ्या फिरव. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणजे सगळ्या खुणा परत जागेवर यायला हव्यात. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नकोस, उलगडून पुन्हा बसव. टॅपेट मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट कर, इंजिन थंड असताना.

कमिटी_मेंबर
सोसायटीत गाडी खोलायला कमिटीची परवानगी घेतली आहे का? आमच्याकडे एकाने तेल सांडलं, पावसाचं पाणी शिरलं आणि गेटपर्यंत सगळं चिकट. दोन ज्येष्ठ नागरिक घसरले. नोटीस काढली.

नवा_भिडू
रॉकर पण बदला. आणि तेल वेळेवर बदलत जा.

गिरगावची_आक्का
+१, वर मास्तरांनी तेच लिहिलंय.

भांडुपकर
सगळ्यांचे आभार. हिशोब मांडला. नवा कॅम, सहा रॉकर, बेल्ट, सील, टॉर्क रेंच मिळून बजेट बाहेर जातंय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर अख्खं जुनं हेड मिळतंय, कॅम आणि रॉकरसकट, साडेचार हजारांत. म्हणजे कॅम सरकवायची भानगडच नाही. काय म्हणता?

टॅपेटमास्तर
नको.

गिरगावची_आक्का
अजिबात नको. कुणाच्या गाडीचं, किती तापलेलं, काय माहीत?

गिअरबॉक्स_गणू
पहिल्यांदाच मास्तरांशी सहमत. शिवाय आता हेडच उतरवणार, म्हणजे कूलंट काढणं, हेड गॅस्केट, दोन्ही मॅनिफोल्ड. काम दुप्पट.

घोडबंदरचा_राजा
इलेक्ट्रिकला हेडच नसतं.

भांडुपकर
घेतलं. चार हजार दोनशेत सोडवलं. लोब सगळे छान आहेत, नखाने खरवडून बघितले.

टॅपेटमास्तर
बरं, आता घेतलंसच तर गॅस्केट नवीनच घाल आणि हेड लेथवाल्याकडे नेऊन सरफेस तपासून घे. वाकलेलं असेल तर गॅस्केट पंधरा दिवसही टिकणार नाही. आणि टॉर्क रेंच घे. हेड बोल्टला हात चालत नाही, ते कॅमपुरतं म्हणालो होतो.

गिअरबॉक्स_गणू
😂 स्क्रीनशॉट घेतला.

भांडुपकर
सरफेस डोळ्यांनी बघितला काका, चकचकीत आहे. टॉर्क रेंच मित्राकडून आणतोय. रविवारी उघडतो, पाऊस नसला तर. सेक्रेटरींना बॅटरी बदलतोय म्हणून सांगितलंय.

कमिटी_मेंबर
कुठली सोसायटी?