लांबचा प्रवास आणि आडवाटेचं हॉटेल : तुमचे अनुभव लिहा

विमान, मग रेल्वे, मग भाड्याची गाडी असं करत गावाबाहेरच्या एखाद्या छोट्या हॉटेलात पोचायचं आणि खोलीचं दार लावून हुश्श करायचं, यावर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझं मत आधीच सांगून टाकते : अशा ठिकाणी एकच रात्र राहिलात तर तो नुसता मुक्काम झाला. पहिली रात्र पोचण्यातच जाते. अंग टेकतं, पण कान जागेच. दुसऱ्या दिवशी बॅग भरायची नसते, तेव्हा कुठे शीण उतरायला लागतो. तुमचं काय? हॉटेलांची नावं नकोत, जाहिरात होते. काय केल्यानं बरं वाटलं किंवा नाही वाटलं, ते लिहा.

रातपाळी :
पहिल्या रात्रीबद्दल +१. मी कुठेही, कशीही झोपू शकते असा माझा लौकिक आहे. तरी लाकडी जिना करकरला की डोळे टक्क उघडायचे. दुसऱ्या रात्री जिना तोच, मी मात्र ढिम्म. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, असं त्यांना दिसलं. थोडक्यात, अर्धा मेंदू पहाऱ्यावर!

लांबपल्ला :
आम्ही स्वतः गाडी हाणत जाणारे. डोळे मिटले की रस्ता पळायला लागतो. म्हणून पोचल्यावर पलंगाकडे बघायचंही नाही. बॅगा टाकायच्या आणि आवारात चकरा मारायच्या. दिवसभर बसून पाय सुजलेले असतात. पोटऱ्या हलल्या की खाली साचलेलं रक्त वर चढतं. मग गरम पाण्यानं अंघोळ, पण झोपायच्या तास-दीड तास आधी. त्वचेकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते, शरीर निवतं आणि झोप येते. अंघोळ उरकून लगेच आडवा झालो तर तळमळत पडतो.

दीडशहाणा :
शांतता शांतता काय करताय! आमच्या खोलीच्या मागेच जनरेटर होता. वीज गेली आणि रात्रभर धडधड. घरी येऊन झोपलो.

काउंटरपलीकडे :
मी बरीच वर्षं अशाच एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होतो. थकून आलेला पाहुणा लगेच कळतो. फॉर्म भरताना आजची तारीख विचारतो आणि ओळखपत्र काउंटरवरच ठेवून किल्ली घेऊन चालू लागतो. अशांना आम्ही आतल्या बाजूची खोली द्यायचो, पण सगळीकडे आपणहून देतील असं नाही. बुकिंग करतानाच सांगा : लिफ्ट, जिना, लॉन्ड्री आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट यांच्यापासून लांब. (दीडशहाणा, जनरेटरही यादीत घाला.) ‘व्ह्यू’वाली खोली मागाल तर बरेचदा पुढची मिळते आणि खिडकीखाली पार्किंग. पहाटे निघणाऱ्यांच्या डिक्या तिथेच धाडकन बंद होतात.

उशिरा पोचणार असाल तर फोन करून ठेवा, छोट्या हॉटेलांत रात्री काउंटरवर कोणी नसतं. लेट चेक-आऊट हवं असेल तर आल्याआल्याच विचारा. सकाळी हाउसकीपिंगची यादी लागली की खोल्यांचा क्रम बदलायला कोणी राजी नसतं. आणि दाराला ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावा हो! न लावलेल्यांना उठवायचं पाप आमच्या माथी यायचं.

उलटघड्याळ :
विमानानं बरेच टाइमझोन ओलांडले असतील तर धागाकर्तीच्या दोन रात्रीही पुरत नाहीत. शरीराचं घड्याळ साधारण एका दिवसात एक तास सरकतं. पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं, कारण बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं : उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही. अशा वेळी आडवाटेच्या हॉटेलाचा फायदा म्हणजे दाराबाहेर खुर्ची टाकून दिवसभर उजेडात बसता येतं. उजेडच घड्याळ सरकवतो. मी तर खुर्चीतच पेंगलो, पण रात्री स्थानिक वेळेला झोपलो.

दीडशहाणा :
सगळं खरं, पण सुट्टी मोजून मिळते. दोन-दोन रात्री एका आडगावात कोण घालवणार?

धागाकर्ती :
@दीडशहाणा, सुट्टी वाढवू नका, शेवटच्या ठिकाणची एक रात्र कापून पहिल्या ठिकाणी लावा. शेवटी तसंही परतीच्या सामानाचाच विचार चालू असतो. @काउंटरपलीकडे, एक शंका : छोट्या हॉटेलात खोली बदलून मागितली तर राग येतो का?

काउंटरपलीकडे :
बॅगा उघडायच्या आत मागा, अजिबात नाही येत. पलंगावर लोळून झाल्यावर मागितलीत तर चादरी पुन्हा बदलाव्या लागतात. मग येतो.