मातीतला पुरंदर

इतिहासाच्या तासाला चित्रं आणि मातीकाम घेतलं की त्यातच तास जातो, धडा मागे राहतो, असं एका सरांचं म्हणणं आहे. नुसतं रंगकाम असेल तर तसं होतंही. पण कृती धड्यातल्या प्रश्नातून निघाली, तर वेळ सत्कारणी लागतो, हा माझा अनुभव.

दिवाळीत मुलं किल्ल्यासाठी माती कालवतातच. आम्ही वर्गात पुरंदर केला, शेजारी त्याच्याहून बुटका वज्रगड आणि मधली भैरवखिंड. मग विचारलं, १६६५ मध्ये पुरंदर घ्यायला आलेल्या मुघल सरदार दिलेरखानाने आधी वज्रगडच का घेतला? एका मुलीने वज्रगडावर काडेपेटीची तोफ ठेवली, डोळा पार मातीला टेकवून पाहिलं आणि ओरडली, "बाई, इथून माचीवर थेट मारा होतो!" धड्यात हे वाक्य होतंच, पण तिने ते स्वतः शोधलं. पुढे पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी माचीवरून का तुटून पडले, मुघलांशी झालेल्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले का द्यावे लागले, यावर मुलं आपसांत वाद घालत होती.

एक मात्र सांभाळा, मावळे शेवटी मांडू द्या. आधी दिले की सगळं लक्ष त्यांच्यातच. माती नसेल तर रद्दीचा लगदाही चालतो.