जर्मन शहरांची युद्धकाळातली चिल्लर: पांढरी भुकटी कशी काढावी?

इतवारी_नाणी: पहिल्या महायुद्धातली जर्मन नगरपालिकांची अकरा नाणी आहेत, 5, 10 आणि 50 फेनिगची (जर्मन पैशांची). बरीच अष्टकोनी, वर ‘क्रीग्सगेल्ट’, म्हणजे युद्धाचा पैसा. चारांवर पांढरी भुकटी येऊन राहिली आहे, दोन तांबूस झाली. प्लास्टिकच्या अल्बममध्ये आहेत. चिंचेनं घासली तर चालेल का?

धातुपारखी: चिंच अजिबात नको, भाऊ! आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, तांबूसपणा म्हणजे त्याचा गंज. चिकटत नाही पण वजनदार आहे, ते जस्त. अगदी हलकं ते अ‍ॅल्युमिनियम. जस्ताला आम्लही खातं आणि धुण्याचा सोडाही, म्हणून लिंबू, व्हिनेगर, सोडा सगळं बाद. सुटी भुकटी मऊ कोरड्या ब्रशनं झटका, घट्ट बसलेली राहू द्या. खरवडली तर खाली खड्डेच निघतात. गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, दिवसभर थांबा, मग लाकडी टूथपिक.

मोडवाला: धातू असा स्वस्तातला का, तेही लक्षात घ्या. तांबं-निकेल दारूगोळ्याकडे वळलं, चांदी लोकांनी दडवली, दुकानात मोड मिळेना. मग शहरांनी जस्त-लोखंडाची चिल्लर पाडली. टंचाई 1918 नंतरही होती, म्हणून बॉन शहराच्या, संगीतकार बीथोव्हेनचं चित्र असलेल्या लोखंडी नाण्यावर 1920 साल दिसतं. ही नाणी मुळात करडी. चकाकणारं जस्त दिसलं की पॉलिश झालंय समजा, त्याची किंमत पडते.

धातुपारखी: अल्बम आजच बदला. मऊ, वास येणारं प्लास्टिक पीव्हीसी असतं, त्यातून आम्ल सुटतं. तेल किंवा चिकटपणा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन, दहा मिनिटं. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. मग पीईटीची (पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची) पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा या नाण्यांना मानवतो, पण कूलरच्या खोलीत डबा ठेवू नका. पावसाळ्यात जेलचा रंग दर आठवड्याला पाहा.

इतवारी_नाणी: भुकटीवाल्या चारांपैकी एक चुंबकाला चिकटलं.

धातुपारखी: म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. त्याला टूथपिकही लावू नका. मुलामा गेला की लोखंड उघडं पडून गंज धरेल.