घोटा मुरगळलाय : बर्फ लावू की शेक देऊ?

रावेरची_लेक
सकाळी केळीचा घड खांद्यावर घेऊन येताना अण्णांचा पाय दांडात घसरला. घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजलाय. आई तव्यावर मीठ भाजून पुरचुंडी बांधतेय, काका म्हणतात बर्फ लावा. अण्णांचं वय 61, शुगर आहे. कुणाचं ऐकू?

धुळेकर_फिजिओ
ताई, काकांचं ऐका. ताज्या माराला शेक दिला की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि सूज आणखी चढते. पहिले दोन-तीन दिवस गारच. बर्फ पंचात गुंडाळून 15 मिनिटं, मग दोन-अडीच तासांनी पुन्हा. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. तेल लावून चोळणं तर अजिबात नको.
शुगरमुळे तळपायाला बधिरपणा आहे का? असेल तर गरम असो वा गार, त्यांना चटका कळणार नाही. 10 मिनिटांतच काढा आणि दर वेळी कातडी डोळ्यांनी बघा.

चोपड्याचा_भाऊ
जेल पॅक घ्या ताई, मेडिकलवर मिळतो. फ्रीजरमध्ये गार होतो, गरम पाण्यात टाकला की शेकायलाही चालतो. मात्र पाकिटावर दोन्ही लिहिलंय ना ते बघून घ्या. लाईट नसेल तर माठाच्या पाण्यात फडका भिजवून ठेवा, बर्फाइतका नाही पण आराम पडतो.
आईंची पुरचुंडी वाया जात नाही. कापूस वेचून आमच्या घरी सगळ्यांच्या कंबरा आखडतात, तिथे तीच कामाला येते. सूज नसलेलं जुनं दुखणं, आखडलेली मान, पोटऱ्यांत गोळे, सगळ्याला शेक.

भुसावळची_नर्सताई
एक जोडते. भाजल्यावर बर्फ लावू नका, नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. आणि मे महिन्यात कुणी उन्हात बरळायला लागलं, शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणून अंगावर पाणी, वारा, आणि मान, काखा, जांघेत कपड्यात गुंडाळलेला बर्फ. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.
रावेरच्या ताई, अण्णा चार पावलं टाकू शकतात का? घोट्याच्या हाडावर मागून दाबलं तर कळ येते का?

रावेरची_लेक
दुसरं पाऊलच टाकवत नाही. हाडावर बोट ठेवलं की ओरडतात.

भुसावळची_नर्सताई
मग आजच एक्स-रे काढा. पाय दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून सैलसर बांधा, चालवत नेऊ नका. बर्फ वाटेतही चालू ठेवा.